डाऊन सिंड्रोमच्या बाळाची गुणसूत्र-तपासणी टाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोळ्यांच्या तिरक्या फटी, बसकं नाक, सैल अंग, तळहातावर एकच आडवी रेघ. अशी लक्षणं दिसली की बालरोगतज्ज्ञ नवजात बाळाचा डाऊन सिंड्रोम पहिल्याच दिवशी ओळखतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. मग घरात विषय निघतो की निदान तर झालं, आता रक्त पाठवून, पैसे खर्चून, दोन-तीन आठवडे थांबून कॅरिओटाइप, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजून-जुळवून पाहण्याची तपासणी, कशाला करायची? पुष्कळदा डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. आम्ही गुणसूत्र-तपासणीच्या आणि त्यावरच्या समुपदेशनाच्या कामात आहोत. ही तपासणी टाळल्यानं नेमकं काय हातचं जातं, ते आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडावंसं वाटतं. बाळाला डाऊन आहे हे चेहरा सांगतो. एकविसावं जास्तीचं गुणसूत्र पेशीत सुटं आहे की दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं आहे, हे चेहरा सांगत नाही. आणि पुढच्या बाळाची जोखीम १ टक्का, १५ टक्के की १०० टक्के, हे त्यावरच ठरतं.

यासाठी गुणसूत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा एकूण सुमारे २ मीटर लांबीचा धागा असतो, आणि केंद्रक असतं जेमतेम ६ मायक्रॉनचं. हा धागा अखंड नसतो, त्याचे ४६ तुकडे असतात. आईकडून २३, वडिलांकडून २३. हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ रेणू एकत्र येऊन एक रीळ तयार होतं, त्याभोवती डीएनएचे पावणेदोनाच्या आतबाहेर वेढे बसतात, म्हणजे १४७ अक्षरजोड्या. अशी लक्षावधी रिळं एकामागोमाग. एरवी हा पसारा केंद्रकात सैल पसरलेला असतो, कारण जनुकं वाचली जायची तर धागा उघडा हवा. पेशी विभागायची वेळ आली की तोच धागा घट्ट गुंडाळला जातो. पहिल्या गुणसूत्रातला सुमारे साडेआठ सेंटिमीटरचा धागा तेव्हा आठ-दहा मायक्रॉनमध्ये मावतो. सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं एकेक करून मोजता येतात ती याच थोड्या वेळात.

प्रत्येक गुणसूत्राला एक बारीक कंबर असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. विभाजनाच्या वेळी ओढणारे तंतू तिथेच बांधले जातात. कंबरेच्या एका बाजूला आखूड भुजा, तिचं चिन्ह पी. दुसऱ्या बाजूला लांब भुजा, तिचं चिन्ह क्यू. दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा पुन्हापुन्हा येतात. या टोकांमुळे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटत नाहीत. कंबर मधोमध असेल तर मध्यकेंद्री, जरा वर असेल तर उपमध्यकेंद्री, अगदी वरच्या टोकाजवळ असेल तर अग्रकेंद्री. शाळेत चौथा प्रकार अंत्यकेंद्री असाही शिकवतात. तो काही प्राण्यांत सापडतो, माणसाच्या नेहमीच्या गुणसूत्रांत नाही.

आपल्या विषयात महत्त्वाची आहेत ती अग्रकेंद्री गुणसूत्रं. माणसात अशा पाच जोड्या आहेत: १३, १४, १५, २१ आणि २२. त्यांच्या आखूड भुजा म्हणजे जेमतेम एक शेंडी. त्या शेंडीवर रायबोसोमच्या आरएनएची जनुकं असतात. तीच जनुकं दहाही शेंड्यांवर असल्यामुळे दोन शेंड्या गळून पडल्या तरी पेशीचं काही अडत नाही. अशी दोन गुणसूत्रं कंबरेपाशी तुटून त्यांच्या लांब भुजा एकमेकींना जोडल्या गेल्या, तर दोहोंचं मिळून एकच गुणसूत्र होतं. याला रॉबर्ट्‌सोनियन स्थानांतरण म्हणतात. रॉबर्टसन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये नाकतोड्यांमध्ये अशी जुळणी वर्णन केली, त्यांचं हे नाव. हजारात साधारण एका माणसात अशी जोडणी असते. त्याची गुणसूत्रं मोजली तर ४५ भरतात, आणि तो माणूस ठणठणीत असतो. उंची, बुद्धी, चेहरा, कशावरूनही ओळखू येत नाही.

समजा एखाद्या बाईच्या चौदाव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांची अशी जोडणी झालेली आहे. बीजांड तयार होताना जोडीतलं एकेक गुणसूत्र वेगळं व्हायचं असतं. इथे तिघं आहेत: सुटं १४, सुटं २१ आणि जोडलेलं १४-२१. तिघांची दोन घरांत वाटणी सहा प्रकारे होते. सुटी दोन्ही एका बीजांडात आली तर बाळ पूर्ण सर्वसाधारण. फक्त जोडलेलं आलं तर बाळ आईसारखंच, ४५ गुणसूत्रांचं आणि निरोगी. जोडलेलं आणि त्यासोबत सुटं २१ आलं, तर वडिलांकडचं धरून एकविसावं तीन वेळा होतं, आणि बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. उरलेल्या तीन वाटण्यांत १४ जास्त होतं, किंवा १४ वा २१ कमी पडतं. ते गर्भ सुरुवातीच्या आठवड्यांतच पडतात. म्हणून अशा घरात डाऊनच्या बाळाआधी वा नंतर दोन-तीन गर्भपातांचा इतिहास आढळतो. तो इतिहास डॉक्टरांना न विचारता सांगावा.

अशा जोडणीतून डाऊन झालेल्या बाळाची गुणसूत्रं मोजली तर ४६ भरतात, आणि इथेच नुसती मोजणी फसवते. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथून १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ धरून चालले होते. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिए आणि तुर्पँ यांनी डाऊनच्या मुलांत ४७ दाखवली. आणि पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, लंडनहून पोलानी आणि सहकाऱ्यांनी डाऊन असलेल्या एका मुलीत ४६ च गुणसूत्रं असल्याचं कळवलं. जास्तीचं २१ होतं, पण दुसऱ्याला चिकटलेलं. म्हणजे हा प्रकार ठाऊक होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तरी त्याची तपासणी वगळली जाते याचं आम्हाला वाईट वाटतं.

आता आकडे. डाऊनच्या शंभर बाळांपैकी सुमारे ९५ जणांत सुटं तिसरं २१ असतं, ३ ते ४ जणांत चिकटलेलं, आणि १ ते २ जण मोझेक, म्हणजे काही पेशी ४७ च्या आणि काही ४६ च्या. सुट्या प्रकारात पुढच्या बाळाला पुन्हा तेच होण्याची शक्यता साधारण १ टक्का असते. आईचं वय चाळिशीपार असेल तर वयामुळे येणारी जोखीमच त्याहून मोठी होते. अशा बाळाच्या आईवडिलांच्या गुणसूत्र-तपासणीची एरवी गरज नसते, तो खर्च वाचवावा. चिकटलेल्या प्रकारात मात्र दोघांचाही कॅरिओटाइप लागतोच. दोघांचाही सर्वसाधारण आला तर जोडणी या बाळातच नव्यानं झाली असं समजायचं, आणि पुढची जोखीम पुन्हा अगदी कमी. १४-२१ ची जोडणी आईत सापडली तर १० ते १५ टक्के, वडिलांत सापडली तर सुमारे १ टक्का. आणि आई किंवा वडिलांत दोन्ही एकविसावी एकमेकांना जोडली गेली असतील, म्हणजे स्वतः निरोगी असूनही ते या जोडणीचे वाहक असतील, तर जन्मणारं प्रत्येक बाळ डाऊनचंच. बाळात २१-२१ जोडणी दिसली तरी ती बहुतेक वेळा नव्यानं झालेली असते, म्हणून आईवडिलांची तपासणी होईपर्यंत या शेवटच्या आकड्यानं कुणी हादरून जाऊ नये.

सुट्या प्रकाराचं कारणही सांगायला हवं, कारण त्यावरून सुनेला बोल लावले जातात. मुलीची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागतात. गुणसूत्रांच्या जोड्या तेव्हाच लागतात, आणि बीजांडं तशीच थांबून राहतात, पंधरा, तीस, चाळीस वर्षं. त्या-त्या महिन्याचं बीजांड बाहेर पडताना राहिलेलं विभाजन पुढे सरकतं. जोडीला धरून ठेवणारी प्रथिनं इतक्या वर्षांत झिजतात, आणि कधी दोन्ही २१ एकाच बाजूला जातात. तिसाव्या वर्षी हजारामागे साधारण एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेमागे एक, चाळिसाव्या वर्षी शंभरामागे एक अशी शक्यता चढत जाते. तरीही डाऊनची बरीचशी बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण मुळात बहुतेक बाळंतपणं त्याच वयातली असतात. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, जिना किती वेळा चढला, याचा इथे काहीएक संबंध नाही. गर्भ राहण्यापूर्वीच झालेली ही चूक आहे. मामाच्या मुलीशी लग्न केल्यानंही डाऊन होत नाही. नात्यातल्या लग्नात थॅलेसेमियासारख्या, दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावर होणाऱ्या आजारांची शक्यता वाढते. तो वेगळा विषय आहे.

जास्तीचं गुणसूत्र इतकं करतं तरी काय, असंही विचारलं जातं. एकविसावं हे सर्वांत लहान. पहिल्या गुणसूत्रात जवळपास २५ कोटी अक्षरजोड्या, यात साडेचार कोटींच्या आसपास. खरं तर बाविसाव्यापेक्षाही ते लहान आहे. मोठ्याकडून लहानाकडे क्रमांक देताना आधी चूक झाली, आणि डाऊनशी २१ हा आकडा जोडला गेल्यानं तो तसाच ठेवला. त्यातली जनुकं बिघडलेली नसतात, फक्त दोनाऐवजी तीन प्रती चालतात आणि प्रथिनांचं प्रमाण ढळतं. लिंग ठरवणारी एक्स आणि वाय सोडली तर १३, १८ आणि २१ या तीन गुणसूत्रांत जनुकं सर्वांत कमी आहेत, म्हणून त्यांचीच तिसरी प्रत घेऊन बाळ जन्मापर्यंत पोचू शकतं. बाकीची जवळजवळ सगळी गर्भातच पडतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांमागे गुणसूत्रांचा बिघाड असतो.

अलीकडे आमच्या पाहण्यात येणारी मोठी चूक अशी, की नवी आणि महाग तपासणी केली म्हणजे जुन्या कॅरिओटाइपची गरज उरत नाही असं मानलं जातं. क्यूएफ-पीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी) किंवा विभाजन न होणाऱ्या पेशींवरची फिश (चमकत्या खुणेनं गुणसूत्र शोधणारी) तपासणी दोन-तीन दिवसांत उत्तर देते, पण ते उत्तर इतकंच की २१ च्या तीन प्रती आहेत. मायक्रोअ‍ॅरे कितीतरी बारीक तुकडे पकडते, परंतु तीही प्रमाण मोजते, जागा दाखवत नाही. वाहक आईवडिलांचा मायक्रोअ‍ॅरे तर सर्वसाधारणच येणार, कारण त्यांच्यात कमीजास्त काहीच नाही. गरोदरपणात आईच्या रक्तावर होणारी एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यात गर्भाचं म्हणून तपासलं जाणारं डीएनए वारेतून आलेलं असतं. एकविसावं कुठे बसलं आहे हे पाहायला गुणसूत्रं डोळ्यांनीच बघावी लागतात.

आता रक्त घेण्याबद्दल, कारण बिघडणारे बरेच नमुने इथेच बिघडतात. नळी हिरव्या बुचाची, सोडियम हेपॅरिनची हवी. जांभळ्या बुचाच्या नळीतलं ईडीटीए पेशींना मानवत नाही, त्यात त्या वाढत नाहीत. नवजात बाळाचं १ ते २ मिली, मोठ्यांचं ३ ते ५ मिली पुरतं. उपाशीपोटी यायची गरज नाही. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, नाहीतर गुठळ्या होतात. फ्रीझरमध्ये वा बर्फाला टेकवून ठेवायची नाही, पेशी मरतात. उन्हाळ्यात बंद गाडीतही ठेवायची नाही. शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावी, म्हणून तालुक्याच्या गावाहून शनिवारी पाठवणं टाळावं. बाळाला बाहेरचं रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यावा. आणि एक गोष्ट, जी सांगायला जड जाते: डाऊनच्या चाळीस ते पन्नास टक्के बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. बाळाची प्रकृती नाजूक असेल तर हे एक-दोन मिली रक्त आधी काढून ठेवावं. बाळ गेलं तर ही माहिती त्याच्याबरोबर जाते, आणि मग आईवडिलांच्या तपासणीवरून मागे जावं लागतं. हृदयाचा इको, थायरॉइड, कानांची आणि डोळ्यांची तपासणी यांसाठी मात्र कॅरिओटाइपच्या रिपोर्टची वाट पाहू नये.

प्रयोगशाळेत वेळ का लागतो? तांबड्या पेशींना केंद्रक नसतं. पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट रक्तात फिरताना विभागत नाहीत, म्हणून राजम्यापासून मिळणारं फायटोहीमॅग्लुटिनिन घालून त्यांना विभाजनाला लावावं लागतं. अर्धा मिली रक्त, पाच मिली पोषकद्रव, ३७ अंश, ७२ तास. शेवटचा अर्धा ते एक तास कोल्चिसिनच्या वर्गातलं औषध घालून विभाजन मधेच रोखतात. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच विषारी कोल्चिसिन असतं. औषध जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखडून ठेंगणी होतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात, कमी राहिलं तर मोजण्याजोग्या पेशीच मिळत नाहीत. मग पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०७५ मोलर द्रावणात पंधरा-वीस मिनिटं पेशी फुगवायच्या. कमी फुगल्या तर गुणसूत्रांचा गुंता सुटत नाही, जास्त फुगल्या तर पेशी फुटते, एखादं गुणसूत्र निसटतं आणि खोटेच ४५ दिसतात. पुढे तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात पेशी पक्क्या करून काचपट्टीवर थेंब सोडायचा. तो किती वेगानं सुकतो यावर गुणसूत्रं किती पसरतात ते ठरतं. पावसाळ्याच्या दमट हवेत आणि मे महिन्यात एकच पद्धत चालत नाही. शेवटी ट्रिप्सिनचा काही सेकंदांचा हात आणि गिम्साचा रंग, की प्रत्येक गुणसूत्रावर त्याचे स्वतःचे गडद-फिके पट्टे उमटतात. २१ आणि २२ दिसायला सारखीच, पण पट्ट्यांवरून लगेच वेगळी काढता येतात.

साधारण २० पेशी मोजल्या जातात. त्यात सगळ्या सारख्या आल्या तर १४ टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणातला मोझेक प्रकार नाही, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. डॉक्टरांना मोझेकची शंका असेल तर त्यांनी तसं अर्जावर लिहावं, म्हणजे ३० किंवा ५० पेशी मोजल्या जातील. अर्जावर नुसतं ‘कॅरिओटाइप’ लिहून पाठवलं तर ही संधी जाते.

रिपोर्टातली ओळ रोमन अक्षरांत असते, इथे ती देवनागरीत देतो. ‘४७,एक्सवाय,+२१’ म्हणजे मुलगा, एकविसावं सुटं जास्तीचं. ‘४६,एक्सएक्स,रॉब(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१’ म्हणजे मुलगी, एकविसावं चौदाव्याला जोडलेलं. आईच्या रिपोर्टात ‘४५,एक्सएक्स,रॉब(१४;२१)’ अशी सुरुवात दिसली तर ती वाहक. रॉबऐवजी डीईआर लिहिलं तरी या जोडणीपुरता अर्थ तोच. मात्र आईवडिलांपैकी कुणाच्या रिपोर्टात ‘९क्यूएच+’, ‘इन्व्ह(९)’, ‘२१पीएस+’, ‘२२पीएसटीके+’ असं काही दिसलं तर घाबरू नये. कंबरेजवळचा किंवा शेंडीचा, प्रथिनांची जनुकं नसलेला भाग कमीजास्त लांब वा उलटा असतो, इतकाच त्याचा अर्थ. नवव्यातला तो उलटा तुकडा शंभरात एक ते तीन माणसांत सापडतो. त्याच्यावर गर्भपाताचं किंवा डाऊनचं खापर फोडून उपचार सुरू करणं चुकीचं आहे.

वाहक दांपत्याला पुढचं मूल होऊच नये असं अजिबात नाही. आई १४-२१ ची वाहक असतानाही जन्मणारी बहुसंख्य बाळं डाऊनची नसतात. गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांना वारेचा सूक्ष्म तुकडा, किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल, साधारण १५ ते २० मिली, घेऊन गर्भाची गुणसूत्रं पाहता येतात. गर्भजलातल्या पेशी वाढवायला दहा-चौदा दिवस जातात. म्हणून विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीपर्यंत थांबू नये, गर्भ राहिल्याचं कळताच समुपदेशकाकडे यावं. ही तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होते. गर्भाच्या रिपोर्टात लिंग कळवलं जात नाही, ते विचारूही नये. तपासणी करायची की नाही, आणि उत्तर आल्यावर काय करायचं, हे त्या दोघांनी ठरवायचं. अनेक आईवडील केवळ आधीपासून तयारीत राहता यावं म्हणूनही ती करतात. टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ रुजवण्याआधी तपासण्याचा मार्गही आहे.

वाहक सापडल्यावर पुढचं पाऊल बहुतेक घरांत राहून जातं. ही जोडणी त्या बाईला तिच्या आई वा वडिलांकडून आलेली असू शकते, आणि मग तिच्या प्रत्येक बहीण-भावात ती असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे बाळाची मावशी आणि मामा, किंवा वडील वाहक असतील तर आत्या आणि काका. लग्न ठरताना अडचण येईल या भीतीनं हे लपवलं जातं, ती भीती आम्ही समजू शकतो. पण रक्त एकदाच द्यायचं असतं, गुणसूत्रं आयुष्यभर बदलत नाहीत, आणि उत्तर ज्याचं त्याच्यापाशी राहतं. मूळ बाळाच्या रिपोर्टाची प्रत सोबत आणावी, म्हणजे नेमकी कोणती जोडणी शोधायची ते तपासणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

आपले,
गुणसूत्र-तपासणी आणि आनुवंशिक समुपदेशन क्षेत्रात काम करणारे काही वाचक